भाव ठरविणारी विद्या

खानदेशात पिकते पुष्कळ; पण पिकलेल्या मालाचा भाव खानदेशात ठरत नाही. रावेर-यावलच्या केळीबागांत घड कापणीला येतो, तेव्हा बागायतदाराचे कान बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे आणि उत्तरेकडील मागणीकडे लागलेले असतात. चोपडा-पारोळ्याच्या काळ्या जमिनीतील कापूस वेचून घरात येतो, आणि त्याची किंमत सातासमुद्रापलीकडच्या वायदेबाजारातील चढउताराने हलते. सुवर्णनगरी म्हणून ज्या जळगावचा लौकिक आहे, तेथील सराफाही रोज सकाळी लंडनकडे पाहूनच दराचा फलक लिहितो. माल आहे, कष्ट आहेत, भांडवल आहे, व्यापाराचे पिढीजात वळण आहे. उणीव आहे ती निर्णय घेणाऱ्या शिक्षित बुद्धीची. ही बुद्धी घडविणारी विद्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ‘व्यवस्थापकीय अर्थशास्त्र’ या नावाने आहे. प्रश्न इतकाच, की ती अभ्यासक्रमातून बाजारात, बांधावर आणि संचालक मंडळाच्या बैठकीत केव्हा उतरणार?

पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. खानदेशच्या मुलाला उच्च शिक्षणासाठी घाट चढून जावे लागू नये, हा त्यामागील विचार होता. २०१८ मध्ये या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. असोद्याच्या या माउलीने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. पण पेरणी, मळणी, पाऊस, माणूस आणि संसार यांचा हिशेब तिच्याइतका नेमका मांडणारे फार थोडे. ज्या विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर हे नाव आहे, तेथे शिकविले जाणारे अर्थशास्त्र शेतशिवारापासून तुटलेले असेल, तर त्या नामकरणाचे सार्थक झाले असे म्हणता येणार नाही.

व्यवस्थापकीय अर्थशास्त्र म्हणजे काय, हे पदवीधराला विचारावे, तर बहुधा एखादी पाठ केलेली व्याख्या ऐकावयास मिळते. वास्तविक विषय साधा आहे. साधने मर्यादित आहेत, पर्याय अनेक आहेत आणि उद्याची खात्री नाही. अशा स्थितीत किती उत्पादन करावे, कोणत्या भावाने विकावे, केव्हा थांबावे, कर्ज किती काढावे, याचा विचारपूर्वक निर्णय घेण्याचे हे शास्त्र होय. मागणीची लवचीकता, सीमान्त खर्च, संधी खर्च, ना-नफा-ना-तोटा बिंदू ही त्याची अवजारे. अमेरिकेत जोएल डीन यांनी १९५१ मध्ये याच नावाचा ग्रंथ लिहिला आणि पुढे जगभरातील व्यवस्थापनशिक्षणात हा विषय रूढ झाला. आपल्याकडेही अहमदाबाद व कोलकाता येथील व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये उभ्या राहिल्यावर त्याला प्रतिष्ठा लाभली.

परंतु नाव पाश्चात्त्य असले, तरी विचार या भूमीला परका नाही. म्हैसूरच्या शामशास्त्रींनी १९०९ मध्ये प्रकाशात आणलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राचे दुसरे अधिकरण उघडावे. त्यात ‘पण्याध्यक्षा’ची, म्हणजे व्यापारखात्याच्या प्रमुखाची, कर्तव्ये सांगितली आहेत. स्थलमार्गाने व जलमार्गाने येणाऱ्या मालाच्या किमतीतील फरक, कोणत्या मालाला मागणी आहे व कोणत्याला नाही, माल केव्हा एकवटावा आणि केव्हा पसरावा, हे त्याने जाणले पाहिजे, असे कौटिल्य सांगतो. आणि त्याच ओघात तो बजावतो, की प्रजेला पीडा देणारा लाभ कितीही मोठा असला, तरी तो टाळावा. देशी मालावर शेकडा पाच व परदेशी मालावर शेकडा दहा, अशी नफ्याची मर्यादाही तो घालून देतो. किंमतनिर्धारणाचे तंत्र आणि त्यावरील धर्माचा अंकुश, या दोहोंचा मेळ तेथे आहे.

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या नरहरी आनंदराव या अधिकाऱ्यास मिठाच्या जकातीविषयी लिहिलेले पत्र तर प्रत्येक अर्थशास्त्राच्या वर्गात अभ्यासावे असे आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त आणि संगमेश्वराकडील मीठ महाग, अशी स्थिती होती. व्यापारी स्वस्ताईकडे वळणार, स्वराज्यातील मिठागरे ओस पडणार आणि त्यांच्याबरोबर बंदरांचा व्यापारही जाणार, हे महाराजांनी ओळखले आणि बारदेशच्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा केली. प्रतिस्पर्ध्याची किंमत, ग्राहकाचे वर्तन आणि स्वकीय उत्पादकाचे हित यांची सांगड घालणारा हा निर्णय होता. स्वदेशीचा विचार भावनेवर उभा असतो अशी टीका करणाऱ्यांनी या पत्रातील हिशेब अवश्य पाहावा.

हा हिशेब चुकला म्हणजे काय होते, याचा अनुभव खानदेशाने एकदा नव्हे, अनेकदा घेतला आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव गगनाला भिडले. खानदेश-वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या मोलाने विकला गेला. युद्ध संपले, भाव कोसळले. मुंबईत पेढ्या बुडाल्या आणि दख्खनच्या खेड्यापाड्यांत तेजीच्या भरवशावर काढलेली कर्जे तेवढी उरली. भाव का वाढला आणि तो किती काळ टिकेल, हा प्रश्न विचारणारे कोणी नव्हते.

त्यानंतर दीड शतक लोटले, तरी प्रश्न जुनाच राहिला. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजार रुपयांच्या वर गेला. पुढील हंगामात तोच भाव पुन्हा येईल या आशेने खानदेशातील असंख्य शेतकऱ्यांनी कापूस घरात भरून ठेवला. राहत्या खोल्यांत छतापर्यंत कापूस, अंगाला खाज, आगीची धास्ती. आणि भाव मात्र वर जाण्याऐवजी खाली उतरत गेला. येथे शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. कारण थांबण्याची किंमत मोजावयास त्याला कोणी शिकविलेच नाही. समजा, डिसेंबरात भाव ७५०० रुपये आहे. शेकडा १२ दराने पाच महिन्यांचे व्याज ३७५ रुपये होते. वाळून वजनात शेकडा तीन घट आली, असे धरले, तर मे महिन्यात ८१०० रुपयांहून अधिक भाव मिळाला, तरच तो डिसेंबरच्या बरोबरीला येतो. त्याखालील प्रत्येक रुपया तोट्याचा. दर्जातील घसरण आणि जोखीम यांचा हिशेब तर अजून धरलेलाच नाही. यालाच पुस्तकात संधी खर्च म्हणतात. वर्गात तीन गुणांची टीप म्हणून जो लिहिला जातो, तो घराच्या ओसरीवर हजारोंचा प्रश्न होऊन बसलेला असतो.

केळीची गोष्ट याहून बिकट आहे. कारण कापूस थांबू शकतो, केळी थांबू शकत नाही. मृगबाग असो की कांदेबाग, कापणीला आलेला घड फार दिवस झाडावर ठेवता येत नाही आणि कापल्यावर तर तासांचा हिशेब सुरू होतो. ज्याच्याकडे वेळ नाही त्याच्याकडे सौदा करण्याची शक्ती नाही, हा बाजाराचा नियम आहे. जाहीर झालेला दर आणि बांधावर प्रत्यक्ष हाती पडणारा दर यांतील तफावतीची तक्रार रावेर, यावल, मुक्ताईनगर परिसरात वर्षानुवर्षे ऐकू येते. जगात सर्वाधिक केळी भारतात पिकते; परंतु निर्यातीत इक्वेडोरसारखा लहानसा देश पुढे आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची मानांकनप्राप्त केळी दुबईला रवाना झाली, तेव्हा दिशा दिसली. ती दिशा राजमार्ग होण्यासाठी प्रतवारी, शीतसाखळी, पिकवणी केंद्रे आणि त्यांचे अर्थकारण जाणणारी माणसे हवीत.

नुसती इमारत उभी करून हे साधत नाही. कल्पनेसाठी एक उदाहरण घ्यावे. एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने पिकवणी केंद्र उभारले. कर्जाचा हप्ता, पगार, देखभाल असा स्थिर खर्च वर्षाला १२ लाख रुपये. खरेदी, पिकवणी व वाहतूक धरून क्विंटलला १४०० रुपये खर्च आणि विक्री १७०० रुपयांनी. मागे राहतात ३०० रुपये. म्हणजे वर्षाला ४००० क्विंटल केळी फिरली, तर कंपनी ना नफा ना तोटा या बिंदूवर येईल. आता विक्रीदर अवघ्या १०० रुपयांनी उतरला, तर हाच आकडा ६००० क्विंटलवर जातो. भावात शेकडा सहाच्या आतली घट आणि मालाच्या गरजेत शेकडा पन्नासची वाढ! हे गणित अनुदानाचा अर्ज भरण्यापूर्वी करावयाचे असते. ते केले नाही म्हणजे उद्घाटनाची कोनशिला शाबूत राहते आणि आतील यंत्रे गंजतात.

खानदेशाला कर्तृत्वाची वानवा कधीच नव्हती. अमळनेरच्या श्रीमंत प्रताप शेठजींनी कापडगिरणी काढली आणि मिळविलेल्या संपत्तीतून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. द्रव्य आणि ज्ञान यांचा असा संगम उद्योगाच्या इतिहासात विरळा. त्याच अमळनेरात २९ डिसेंबर १९४५ रोजी वनस्पती तूप तयार करणारी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन झाली. संस्थापक महंमद हाशम प्रेमजी यांच्या निधनानंतर १९६६ मध्ये अवघ्या २१ वर्षांच्या अझीम प्रेमजींना अमेरिकेतील शिक्षण अर्धवट सोडून कारभार हाती घ्यावा लागला. तेलतुपाची ती कंपनी पुढे ‘विप्रो’ या नावाने संगणक उद्योगात शिरली आणि जगभर पसरली. तिचे भाग पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवणारी कुटुंबे अमळनेरात आहेत, त्यांच्या भाग्याच्या कथा सर्वांना ठाऊक आहेत. पण त्या कथेचा दुसरा अर्धा भाग असा, की कंपनीचा मेंदू बंगळुरूला गेला आणि अमळनेरास कारखाना राहिला. भागधारक होणे ही संपन्नता आहे. निर्णयकर्ता होणे हे सामर्थ्य आहे.

याउलट, वाकोद येथे १९३७ मध्ये जन्मलेल्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या पुंजीवर रॉकेल विकावयास आरंभ केला आणि जळगाव न सोडता पाइप, ठिबक सिंचन, ऊतिसंवर्धित केळीची रोपे व फळप्रक्रिया असा उद्योगविस्तार केला. शेतकरी समृद्ध झाला, तरच त्याला पाइप विकता येईल, ही त्यांची दृष्टी म्हणजे मागणीच्या निर्मितीचा वस्तुपाठच होता. पुढे २०१९ मध्ये हीच कंपनी कर्जभाराने अडचणीत आली, २०२२ मध्ये धनकोंशी कर्जपुनर्रचना पार पडली आणि परदेशातील सिंचन व्यवसाय दुसऱ्या कंपनीत विलीन करून कर्ज हलके करण्यात आले. विस्ताराचा वेग आणि कर्जाचे ओझे यांचा तोल हा धडाही विद्यार्थ्यांनी येथेच शिकावा. हार्वर्डच्या प्रकरणांचा अभ्यास जळगावात होतो, मग जळगावच्या प्रकरणाचा अभ्यास जळगावात का होऊ नये?

तंत्राबरोबर धर्मबुद्धी नसेल, तर हीच विद्या समाजघातक होते, हेही या जिल्ह्यांनी सोसले आहे. जादा व्याजाच्या आमिषाने ठेवी गोळा करणाऱ्या पतसंस्था कोसळल्या, तेव्हा निवृत्त शिक्षकांची, विधवांची, मुलींच्या लग्नासाठी पै-पै साठविणाऱ्या कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी अडकली. ठेवीवर बाजारापेक्षा अधिक व्याज द्यावयाचे, तर कर्ज त्याहून चढ्या दराने व म्हणून अधिक जोखमीच्या हाती द्यावे लागते, हे साधे सूत्र ठेवीदाराला ठाऊक नव्हते. संचालकांना ठाऊक असावयास हवे होते आणि ज्यांना ठाऊक होते त्यांतील काहींनी ते सोयीस्करपणे विसरून टाकले. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईच्या व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडताना अर्थाचा अभाव आणि अर्थाचा प्रभाव या दोहोंपासून समाजाला वाचविले पाहिजे, असा विचार दिला. नागपूरचे अर्थशास्त्रज्ञ डॉ. म. गो. बोकरे यांनी १९९३ मध्ये ‘हिंदू इकॉनॉमिक्स’ हा ग्रंथ लिहून या चर्चेला शास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्न केला. या विचारांची चिकित्सा वर्गात झाली पाहिजे. पण चिकित्सेसाठी आधी त्यांचा प्रवेश तरी झाला पाहिजे.

आता प्रश्न पोटाचा. जळगाव वा धुळ्याच्या अभ्यासिकेत पहाटेपासून बसलेल्या तरुणाला ‘हे शिकून पुढे काय?’ असे विचारण्याचा अधिकार आहे, आणि त्याचे उत्तर गुळगुळीत असता कामा नये. अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र अथवा व्यावसायिक अर्थशास्त्र या विषयांतील पदव्युत्तर पदवीधरास संघ लोकसेवा आयोगाची भारतीय अर्थसेवेची परीक्षा खुली असते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागात व नाबार्डमध्ये अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीधरांना स्थान आहे. परिव्यय लेखापाल होणाऱ्याला खर्चाचे हे शास्त्र पायाभूत आहे. बँकांत कर्जप्रस्तावांची छाननी, उद्योगांत मागणीचा अंदाज, खरेदी, किंमतनिश्चिती व पुरवठासाखळीचे नियोजन, ही सारी याच विषयाची क्षेत्रे होत. मात्र, दोन वर्षांची पदवी पदरात पडली, की मोठा पगार चालून येतो, असा समज कोणी करून देत असेल, तर ती फसवणूक आहे. संख्याशास्त्र, संगणकावरील आकडेकाम आणि मुद्देसूद लेखन यांची जोड नसलेली पदवी आज फार दूर नेत नाही.

या सर्वांहून जवळचे, परंतु सर्वांत दुर्लक्षित क्षेत्र गावातच आहे. २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनीची कल्पना आली. २०२० मध्ये केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना हाती घेतली, प्रत्येकीला तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य देऊ केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दहा हजारांचा टप्पा गाठला गेला. या संस्थांना सभासद आहेत, नोंदणी आहे. बहुतेक ठिकाणी नाही तो सक्षम व्यवस्थापक. डाळमिल, जिनिंग, चटई उद्योग, दूध संघ, सहकारी बँका यांचीही तीच गरज. धुळे तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या महामार्गांच्या संगमावर वसलेले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गास मंजुरी दिली आहे. मार्ग आला म्हणजे समृद्धी आपोआप येते असे नव्हे. मार्गावरून माल येतो तसा जातोही. कोणता माल, कोणत्या भावाने, कोणाच्या नफ्यासाठी, हे ठरविणारे धुळ्याचे असतील की बाहेरचे, हा खरा प्रश्न आहे.

यासाठी विद्यापीठ, महाविद्यालये आणि उद्योजक यांनी तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. पहिली भाषेची. भारतीय अर्थसेवेची परीक्षा आजही इंग्रजीतच द्यावी लागते, म्हणून इंग्रजी यावेच. परंतु संकल्पना मातृभाषेत रुजल्याखेरीज त्या निर्णयात उतरत नाहीत. अहिराणी बोलणारा शेतकरी आणि इंग्रजीत टिपणे पाठ करणारा त्याचा मुलगा यांचा संवाद बाजारभावावर तुटत असेल, तर दोष मुलाचा नाही, शिकविण्याचा आहे. या विषयाची सकस मराठी पाठ्यपुस्तके खानदेशच्या उदाहरणांसह लिहिली गेली पाहिजेत. दुसरी गोष्ट प्रत्यक्ष कार्याची. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून क्षेत्रप्रकल्प, कार्यप्रशिक्षण आणि भारतीय ज्ञानपरंपरा यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. ही संधी कागदी अहवालांत वाया घालवू नये. एका विद्यार्थ्याने एका हंगामभर सावद्याच्या केळीचा जाहीर दर व प्रत्यक्ष दर रोज नोंदवावा. दुसऱ्याने एका डाळमिलचा स्थिर व बदलता खर्च मांडावा. तिसऱ्याने एका उत्पादक कंपनीचा ताळेबंद सभासदांना समजेल अशा मराठीत समजावून द्यावा. पाच वर्षांत या नोंदींचे जे भांडार तयार होईल, ते कोणत्याही विकत घेतलेल्या अहवालाहून मोलाचे ठरेल. तिसरी गोष्ट उद्योजकांची. व्यवस्थापक म्हणून नात्यातील मुलगा बसवावयाचा आणि शिकलेला मुलगा पुण्याला गेला म्हणून हळहळावयाचे, हा दुटप्पीपणा सोडावा लागेल. गुणाला योग्य वेतन आणि निर्णयात वाटा दिला, तर पुण्या-मुंबईहून परतणारेही निघतील.

पुण्या-मुंबईला जाण्यात अपराध नाही. जगाचा बाजार पाहिल्याशिवाय गावाचा बाजार कळत नाही. परंतु मिळविलेल्या ज्ञानाचा काही अंश ज्या मातीने वाढविले तिच्याकडे परतावा, ही ऋणाची भावना आपल्या संस्कृतीने शिकविली आहे. ती भावना सत्कार समारंभातील भाषणांत व्यक्त होण्याऐवजी एखाद्या उत्पादक कंपनीच्या हिशेबतपासणीत, एखाद्या सहकारी बँकेच्या कर्जसमितीत, एखाद्या महाविद्यालयातील शनिवारच्या तासात व्यक्त व्हावी.

तापी-गिरणेच्या काठी पीक येतच राहील. भूमी उदार आहे आणि माणूस कष्टाळू. त्या कष्टाला न्याय देणारा भाव बाहेरून दान म्हणून मिळत नसतो. तो मोजता यावा लागतो, मागता यावा लागतो आणि प्रसंगी नाकारताही यावा लागतो. हे बळ देणारी विद्या खानदेशच्या विद्यापीठात शिकविली जात आहे. ती परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत संपू न देता बांधापर्यंत पोहोचविणे, हे तेथील प्राध्यापकांचे, विद्यार्थ्यांचे आणि समाजधुरीणांचे आजचे कर्तव्य आहे.